गाईला कलम बांधता येत नाही

हापूसची कोय रुजवून हापूस मिळत नाही, हे मंडणगड तालुक्यातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. म्हणूनच आपण कलम बांधतो. नीलम व हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ले येथे निर्माण झालेला 'रत्ना' हा आंबादेखील कलमानेच वाढवावा लागतो. परंतु बागेत इतका दक्ष असणारा शेतकरी गोठ्यात मात्र बेसावध राहतो. तेथे प्रत्येक संकरित गाय 'जर्सी' आणि तिची पाडीही 'जर्सी'च! गाय कोणत्या संकराची व कितव्या पिढीची, हे विचारल्याखेरीज कोणीही तिचे दावे हाती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गावठी गाईस शुद्ध जर्सी वळूचे रेतन केले म्हणजे होणारी पाडी ही पहिली संकर पिढी होय. तिला निम्मे गुण आईकडून व निम्मे बापाकडून मिळतात. आई-बाप दूरच्या रक्ताचे असल्यामुळे या पिढीत एक विशेष जोम दिसतो. ती लवकर वयात येते, आईपेक्षा पुष्कळ अधिक दूध देते आणि हवामानही बऱ्यापैकी सोसते. हे पाहून मालक हर्षभरित होतो, व येथूनच चुकीस प्रारंभ होतो.

अशा पाडीचा संयोग तशाच निम्म्या रक्ताच्या गोऱ्ह्याशी झाला, तर होणारी दुसरी पिढी सरासरीने निम्म्या रक्ताचीच असते. परंतु सरासरीने गोठा चालत नाही. आई-बापांकडे असलेले जर्सी व गावठी गुण येथे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नव्याने वाटले जातात. कोणा एका गुणाच्या जोडीचा विचार केल्यास चारांत एकास दोन्ही बाजूंनी जर्सीचा, एकास दोन्ही बाजूंनी गावठीचा व दोघांस मिश्र वाटा येतो, असा हिशेब आहे. मेंडेल याने वाटाण्यावरील प्रयोगांवरून हा नियम १८६६ साली प्रसिद्ध केला. दुधासारख्या गुणामागे तर अशा अनेक जोड्या असतात. म्हणून एक पाडी दुधाळ निघते आणि तिची सख्खी बहीण चाऱ्याचेही मोल फेडीत नाही. शिवाय पहिल्या पिढीतील जोम येथे सुमारे निम्म्यावर येतो. संकरित भाताचे बी राखून पुन्हा पेरू नये असे सांगतात, त्याचेही कारण हेच.

दुसरा मार्ग उलट संकराचा. निम्म्या रक्ताच्या गाईस पुन्हा जर्सीचे रेतन केले, तर वासरात बारा आणे विदेशी रक्त येते. त्यापुढील पिढीत चौदा आणे. कागदावर हे आकर्षक दिसते. परंतु विदेशी रक्त वाढते तसा उन्हाचा, दमट गोठ्याचा व गोचिडांचा त्रासही वाढतो, आणि पेंढ्यावर अशी गाय तग धरीत नाही.

ही भूल केवळ आपलीच नव्हे. ऑस्ट्रेलियात १९८९ साली वॉली कॉन्रन यांनी, केस न गळणारा व अंधांस वाट दाखविणारा कुत्रा मिळावा म्हणून लॅब्राडोर व पूडल यांचा संकर केला. झालेल्या तीन पिल्लांपैकी एकच त्या कामास योग्य ठरले. पुढे मात्र अशा संकराची जगभर चढाओढ लागली, आणि कोणत्याही पिढीचे पिल्लू त्याच नावाने विकले जाऊ लागले. स्वतः कॉन्रन यांनीच पुढे या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला. नाव एक झाले म्हणजे गुण एक होत नाहीत, हाच त्यातील बोध.

मग मंडणगडच्या शेतकऱ्याने काय करावे? आपले डोंगरउतार, मुसळधार पाऊस व उन्हाळ्यातील हिरव्या चाऱ्याची टंचाई ध्यानात घेता, विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास राखणे हिताचे. पहिल्या पिढीच्या गाईस, जिच्या लेकींचे दूध मोजून पारख झालेली आहे अशा निम्म्या रक्ताच्या वळूचे वीर्य वापरावे, अथवा चारा बेताचा असल्यास गीरचे. याबाबत पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा. दारचा संकरित गोऱ्हा मोकळा सोडू नये. तो आपल्याच आईवर वा बहिणीवर गेला, तर जवळच्या रक्ताचे दोष प्रकट होतात. आणि ज्याच्याकडे हिरवा चारा मुळीच नाही, त्याने संकराच्या मागे लागूच नये. आपल्या 'कोकण कपिला' गाईची स्वतंत्र जात म्हणून २०१८ साली राष्ट्रीय नोंद झालेली आहे. ती निवडक स्वजातीय वळूनेच सुधारावी. सर्वच गावठी गाई संकरात गेल्या, तर उद्या पहिली पिढी तरी कोणापासून निर्माण करणार?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस आमची आग्रहाची विनंती आहे की, त्यांनी प्रत्येक रेतनाच्या वेळी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : गाईच्या कानातील बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, तिची पिढी, वीर्याच्या कांडीवरील वळूची जात व क्रमांक, आणि तारीख. शेतकऱ्यानेही त्याच नोंदी आपल्या वहीत उतरून घ्याव्यात. राहुरीच्या कृषि विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी व गीर या तीन जातींपासून 'फुले त्रिवेणी' गाय सिद्ध केली, तीही पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने व नोंदींनी.

कर्ज काढून घेतलेली गाय पिढी न पाहता घेतली, तर दूध आटते. हप्ता मात्र आटत नाही. गाईला कलम बांधता येत नाही. तेथे वहीतील चार ओळी हाच काय तो आधार.