हमीपत्रावरील नेम आणि सीमेवरील नेम

लष्कराच्या ‘सिग ७१६’ रायफलींसाठी रात्री नेम धरण्याच्या साइट घेण्याचा ६५९.४७ कोटी रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केला. ताऱ्यांच्या उजेडातही पाचशे मीटरपर्यंतचे लक्ष्य टिपता येईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. अशा खरेदीची चर्चा बहुधा पल्ल्याभोवतीच फिरते. साइट बसवल्यानंतर नेम किती काळ जागेवर राहणार, हा सैनिकाच्या लेखी पहिला असलेला प्रश्न मात्र मागे पडतो.

साइट भक्कम असून भागत नाही; ती ज्यावर बसते तो भागही हलता कामा नये. ‘सिग ७१६’ची नळी ज्या धातूच्या सांगाड्यात घट्ट बसते, त्याच्याच माथ्यावर साइटची पट्टी असते. कलाश्निकोव्हचे तसे नाही. तिचे वरचे झाकण पातळ पत्र्याचे आणि प्रत्येक सफाईला निघणारे. म्हणूनच रशियनांनी कित्येक दशके साइट डाव्या अंगाला बसवली. अमेठीजवळ कोरवा येथे तयार होणाऱ्या ‘एके-२०३’मध्ये मात्र पट्टी झाकणावरच आली आहे. झाकण घट्ट बसावे अशी रचना त्यासाठी केली असली, तरी शेकडो वेळा काढून लावल्यावर नेम तोच राहतो का, हे चांदमारीवरच कळणार. २०२१ च्या करारानुसार अशा सहा लाखांहून अधिक रायफली यायच्या आहेत. एका अंशाच्या साठाव्या भागाइतका ढळ शंभर मीटरवर जेमतेम तीन सेंटिमीटरचा. त्याच्या चौपट ढळ असेल तर पाचशे मीटरवर गोळी अर्ध्या मीटरहून अधिक बाजूला जाते.

याबाबत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तेथील विशेष दलांनी वापरलेल्या ‘ईओटेक’च्या होलोग्राफिक साइट कडाक्याच्या थंडीत व उष्णतेत नेम सोडत. दमट हवेचाही त्यांना त्रास होई. थंडीतील दोष कंपनीला २००६ पासूनच ठाऊक होता, असा सरकारचा आरोप होता. तापमानानुसार नेम ढळतो हे ‘एफबीआय’ने स्वतः चाचण्या घेऊन कंपनीसमोर ठेवले, तेव्हा कुठे कंपनीने ते संरक्षण खात्याला कळवले. न्यूयॉर्कचे तत्कालीन सरकारी वकील, फिरोजपूरला जन्मलेले प्रीत भरारा यांनी हे प्रकरण न्यायालयात नेले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘एल-३’ या मालक कंपनीने २ कोटी ५६ लाख डॉलर भरून ते मिटवले. विक्रीपत्रकात या साइट उणे चाळीस अंशांतही चोख चालतात, असे छापलेले होते!

सियाचीनमध्ये पारा त्याच्याही खाली उतरतो, थरच्या वाळवंटात तो पन्नाशीला टेकतो, आणि एकच पलटण काही वर्षांत एकीकडून दुसरीकडे जाते. निवडीच्या वेळी घेतलेल्या चाचण्या नमुन्याच्या असतात, पुढे पुरवल्या जाणाऱ्या प्रत्येक खेपेच्या नव्हेत. प्रत्येक खेपेतून काही साइट काढून थंडी, उष्णता, दमटपणा आणि हजारो फैरींचे धक्के यांतून लष्करानेच त्या तपासाव्यात आणि देयकाचा काही भाग त्या निकालापर्यंत राखून ठेवावा, एवढी अट करारात घालणे मंत्रालयाला जड जाऊ नये.