पिळदार कुत्र्याला दाद देण्याआधी

जळगावच्या पिंप्राळ्यात एखादा रुंद छातीचा, जाड मानेचा बुली जातीचा कुत्रा रस्त्यावर दिसला की काही जण तब्येतीला दाद देतात, तर काहींना मालकाने स्टेरॉइडची इंजेक्शनं टोचल्याचा संशय येतो. दोन्ही मतं घाईची आहेत. पीळ कुठून आला, हे नुसत्या नजरेने ठरत नाही.

व्हिपेट ही मुळात सडसडीत, शर्यतीची जात. तिच्यात कधीकधी बैलासारख्या खांद्यांची पिल्लं जन्मतात. 2007 मध्ये अमेरिकी संशोधकांनी त्याचं कारण शोधलं. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिन या प्रथिनाच्या जनुकातली दोन अक्षरं गळालेली होती. आई आणि बाप दोघांकडूनही हा दोष आला तर लगाम पूर्ण सुटतो. एकाकडूनच आला तर कुत्रं जरा भरदार होतं आणि शर्यतीत वेगवान ठरतं. बुलडॉग, मास्टिफ या मूळच्याच दणकट जातींत मात्र हा दोष सापडला नाही. त्यांचं अंग पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून घडलं आहे.

आजाराची शक्यताही धरायला हवी. मिनिएचर श्नाउझरमधल्या मायोटोनियात आखडलेले स्नायू सैल पडायला वेळ लागतो आणि ते फुगीर दिसतात. असं कुत्रं उठताना ताठरतं, काही पावलं चालल्यावर मोकळं होतं. गोल्डन रिट्रीव्हरमधल्या स्नायुक्षयात जीभ आणि काही स्नायू जाड होतात, पण ताकद घटत जाते. स्टेरॉइडचा संशय असेल तर यकृताची तपासणी आणि आक्रमकपणावर लक्ष, दोन्ही हवं.

पैदास करणाऱ्यांची बाजू मी उडवून लावणार नाही. मायोस्टॅटिनच्या दोषाची एकच प्रत असलेलं जनावर निरोगी असतं आणि वेगाची हौस काही गुन्हा नव्हे. दोन प्रती असलेल्या व्हिपेटनाही खांद्या-मांड्यांत पेटके येण्यापलीकडे मोठा त्रास दिसला नाही. पण वाहकाशी वाहकाचा संयोग केला तर सरासरी चारातल्या एका पिल्लाच्या वाट्याला दोन्ही प्रती येतात, आणि नको असलेलं पिल्लू जन्मतःच मारून टाकणारे ब्रीडरही होते. डीएनए चाचणी उपलब्ध असताना असा संयोग करणं अक्षम्य आहे. आपला करवानीही व्हिपेटसारखाच नजरेने शिकार हेरणारा, धावणारा कुत्रा. शर्यतीच्या नादात त्याची निवड केवळ वेगावर होऊ लागली, तर हीच काळजी इथेही घ्यावी लागेल.

धोकादायक मानल्या जाणाऱ्या जातींवर सरसकट बंदी मात्र मला पटत नाही. 12 मार्च 2024 च्या पत्रात केंद्राने 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री रोखायला राज्यांना सांगितलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते पत्र रद्द केलं. चावलेल्या मुलाच्या आईबापांचा राग खराच आहे, तरी जातीचं नाव पाहून स्वभाव कळत नाही. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी सक्तीची आहे, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तपासणीचा जोर तिथे हवा.

राहिलं ऊन. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही; ते धापा टाकून उष्णता बाहेर सोडतं. जड अंगाच्या, आखूड नाकाच्या बुलीला तेही नीट साधत नाही. खानदेशात असं पिल्लू घेणाऱ्याने छातीचं माप विचारण्याआधी नाकपुड्या पुरेशा मोकळ्या आहेत ना, हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावं.