मोडलेल्या सुरीची साक्ष

आपल्या स्वयंपाकघरांत मान विळीचा. सुरी ही मागाहून आलेली पाहुणी. त्यामुळें कोणी सुज्ञ गृहस्थ केवळ पाहण्यासाठीं सुऱ्या जमवितो व मखमलीवर मांडून ठेवतो असें सांगितलें, तर आमच्या वाचकभगिनींना हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. परंतु अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या संग्रहांतील एक सुरी आम्हीं हातीं घेऊन पाहिली, आणि तिनें आमच्या मनांत जो विचार घातला तो वाचकांपुढें मांडावासा वाटतो.

ही सुरी कारखान्यांतील नव्हे. एका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून एकाच कारागिरानें ती प्रारंभापासून शेवटापर्यंत स्वहस्तें घडविली आहे. पातें सुमारें वीतभर. मूठ मेपल वृक्षाच्या लाकडाची. त्या लाकडाच्या अंगच्याच लाटा आणि त्यांवर रुप्याची बारीक तार ठोकून बसविलेली वेल. मेरीलँड प्रांतांतील विल्यम मोरान (1925–2006) या लोहाराच्या सुऱ्या अशाच कामाविषयीं प्रसिद्ध आहेत. पण डोळा ठरतो तो पात्यावर. संथ पाण्यावर वाऱ्याची झुळूक यावी तसे तरंग त्यावर उमटलेले आहेत. ते रंगविलेले नाहींत, कोरलेलेही नाहींत. ते पोलादाच्या अंगांतच आहेत.

याची रीत अशी. दोन जातींचें पोलाद घ्यावयाचें, त्यांपैकीं एकांत निकेल धातूचा अंश असतो. त्यांच्या पट्ट्या एकावर एक रचून भट्टींत तापवावयाच्या, ऐरणीवर घणानें ठोकून एकजीव करावयाच्या, लांबवून पुन्हां दुमडावयाच्या. आरंभीं 5 थर असले तर सहाव्या दुमडीस ते 320 होतात, हें गणित घरांतील मुलांनीं अवश्य करून पाहावें. पातें पुरें झालें कीं तें सौम्य अम्लांत बुडवितात. निकेलचा थर उजळ राहतो, दुसरा काळवंडतो, आणि आंत दडलेली नक्षी वर येते. 1973 सालीं मोराननें अशा सुऱ्या ‘दमास्कस पोलाद’ या नांवानें प्रदर्शनांत मांडल्या, आणि तेव्हांपासून अमेरिकेंत या विद्येला नवा बहर आला.

पात्याच्या मुळाशीं कारागिराच्या नांवापुढें ‘एम्. एस्.’ अशीं दोन अक्षरें होतीं. ज्याचा जन्म शाळेंत गेला त्याची नजर पदवीवर जावयाचीच! चौकशी केली तेव्हां कळलें कीं हा ‘मास्टर स्मिथ’, म्हणजे लोहकर्माचा आचार्य. 1976 सालीं मोरान व त्याचे सहकारी यांनीं ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ स्थापिली. ही पदवी तिची. प्रथम शिकाऊपण, मग मधली पायरी, आणि शेवटीं आचार्यपदाची परीक्षा.

त्या परीक्षेंत उमेदवारानें निदान 300 थरांची सुरी घडवून आणावयाची. पातें 10 इंचांहून लांब असतां कामा नये. तिनें मोकळा लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एका घावांत तोडावयाचा. मग इमारती लाकडाची जाड पट्टी दोनदां तोडावयाची. इतकें होऊनही त्याच धारेनें हातावरील केस भादरले गेले पाहिजेत. शेवटीं पातें शेगड्यांत घट्ट आवळून काटकोनांत वांकवितात. तें वांकावें, पण त्याचे दोन तुकडे होऊं नयेत. धार कठीण आणि पाठ मऊ, हे दोन विरुद्ध गुण एका पात्यांत ज्याला नांदवितां येतात, तोच येथें उत्तीर्ण होतो. या परीक्षेनंतर ती सुरी कोणाच्याच उपयोगाची राहत नाहीं. मग आणखी पांच सुऱ्या परीक्षकांच्या नजरेखालून जातात, तेव्हां कोठें तीं दोन अक्षरें मिळतात.

आम्हीं पाहिलेली सुरी कधीं दोर तोडणार नाहीं. तिच्या वतीनें ती परीक्षा एका मोडलेल्या सुरीनें दिली आहे, आणि मखमलीवरील सौंदर्याला तिची साक्ष आहे. ती साक्ष नसती तर तिला शोभेच्या वस्तूहून अधिक किंमत आम्हीं दिली नसती.

आतां ‘दमास्कस’ या नांवाविषयीं. या नांवानें जगभर गाजलेलें जुनें पोलाद थरांचें नव्हतें. तें दक्षिण हिंदुस्थानांत मातीच्या मुशींत वितळवून करीत. कानडींत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. त्यावरूनच इंग्रजांचा ‘वुट्झ’ हा शब्द आला असें मानतात. त्याच्या ढेपा समुद्रमार्गें पश्चिम आशियांत जात. त्याचे तरंग दुमडीवांचून, आपोआप उमटत. एकोणिसाव्या शतकांत हा धंदा बसला आणि त्याबरोबर विद्याही गेली. पुढें फ्लोरिडांतील लोहार आल्फ्रेड पेंड्रे आणि धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हरहोवेन यांनीं वर्षानुवर्षें खटपट करून, लोखंडांतील व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अत्यल्प अंशामुळें ती नक्षी उमटते, असें 1998 सालीं दाखवून दिलें.

वराहमिहिरानें सहाव्या शतकांत ‘बृहत्संहिते’त खड्गाच्या लक्षणांना स्वतंत्र अध्याय दिला आहे; शस्त्राला पाणी कसें पाजावें हेंही त्यांत आहे. तो ग्रंथ आपणांस अखंड लाभला. हात मात्र लाभले नाहींत. ज्यांनीं ग्रंथ राखले त्यांचे हात भात्याला लागले नाहींत, आणि ज्यांनीं भाता चालविला त्यांच्या हातीं लेखणी कोणी दिली नाहीं. विद्येची एक बाजू पोथींत राहिली, दुसरी भट्टीबरोबर विझली. धंदा बसण्याचीं कारणें इतरही होतीं. पण विद्या पुन्हां उभी करण्यासाठीं जी टिपणें लागतात तीं आपल्यापाशीं नव्हतीं, हें या दुराव्याचें फळ होय.

आपल्या घरांतील भिंतींवर प्रमाणपत्रांची वाण नाहीं. त्यांची आम्ही थट्टा करीत नाहीं. आमचें आयुष्य त्यांतच गेलें. तथापि आपल्या एखाद्या नातवानें वा नातीनें भट्टीपुढें, मागापुढें वा चाकापुढें बसण्याची इच्छा धरली, तर वडील माणसांनीं कपाळास आठ्या घालूं नयेत. गुण किती पडले हें विचारण्यापूर्वीं एवढेंच विचारावें कीं, बाळ, स्वतः केलेली वस्तु स्वतःच मोडून पाहण्याची तुझी तयारी आहे ना? उत्तर होकारार्थी आलें, तर त्याला आशीर्वाद द्यावा, आणि जोडीला एक कोरी वहीही द्यावी.