लडाख : प्रश्न डोकी मोजण्याचा नाही, हक्कांचा आहे

लोकसंख्या थोडी, मुलूख दुर्गम, उत्पन्न तुटपुंजे आणि सरहद्द अशांत. अशा प्रदेशाला घटकराज्याचा दर्जा द्यावा काय, हा प्रश्न लडाखच्या जनतेने देशापुढे उभा केला आहे. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमधील निदर्शनांना हिंसक वळण लागले, गोळीबार झाला आणि चार माणसे मृत्युमुखी पडली. ज्या लेहने २०१९ साली केंद्रशासित दर्जाचे स्वागत केले, त्याच लेहच्या रस्त्यावर सहा वर्षांच्या आत रक्त सांडावे, ही घटना कायदा व सुव्यवस्थेच्या सदरात टाकून मोकळे होण्यासारखी खचित नाही.

२०१९ च्या पुनर्रचना कायद्याने जम्मू-काश्मीरला निदान विधानसभा ठेवली; लडाखला तीही दिली नाही. पूर्वी लडाखमधून चार आमदार निवडून जात. आता संसदेतील एका खासदाराखेरीज कायदे करणाऱ्या कोणत्याही सभागृहात तेथील जनतेने निवडलेला प्रतिनिधी नाही. लेहची स्वायत्त डोंगरी परिषद १९९५ पासून आणि कारगिलची २००३ पासून आहे. परंतु या परिषदांना कायदे करण्याचा अधिकार नाही. खरी सत्ता नायब राज्यपाल आणि दिल्लीहून नेमलेली नोकरशाही यांच्या हाती एकवटली आहे.

या मागणीवर पहिला आक्षेप संख्येचा घेतला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५९ हजार चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशात २,७४,२८९ लोक राहतात; म्हणजे चौरस किलोमीटरमागे पाच माणसेही नाहीत. परंतु १९७५ साली सिक्कीम घटकराज्य झाले, तेव्हा १९७१ च्या गणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या सुमारे २ लाख १० हजार होती. १९६३ साली राज्य झालेल्या नागालँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत होती. विधानसभेत किमान ६० सभासद असावेत, असे राज्यघटनेचे १७० वे कलम सांगते; पण सिक्कीम आणि गोव्यासाठी ही मर्यादा ३० वर, तर मिझोरामसाठी ४० वर आणण्याची तरतूद घटनेतच केलेली आहे. संख्येचा अडसर दूर करण्याचा मार्ग घटनेनेच दाखविला असता तो सत्ताधाऱ्यांना दिसू नये, याचे नवल वाटते.

दुसरा आक्षेप उत्पन्नाचा. लडाख स्वतःच्या करांवर चालू शकणार नाही, हे खरे आहे. परंतु ईशान्येतील डोंगरी राज्येही केंद्राच्या निधीवरच मुख्यतः अवलंबून आहेत आणि म्हणून त्यांचे राज्यपद कोणी काढून घेतलेले नाही. लडाखचा खर्च आजही केंद्रच करते. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ५,९५८ कोटी रुपयांची तरतूद होती. तेव्हा पैसा कोठून येतो एवढाच प्रश्न नसून तो कोणी, कोणाला विचारून खर्च करावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप सरहद्दीचा. १९८६-८७ साली सुमदोरोंग चू येथे भारत आणि चीनचे सैन्य समोरासमोर उभे असतानाच, २० फेब्रुवारी १९८७ रोजी अरुणाचल प्रदेश घटकराज्य झाला. त्याने देशाची सरहद्द दुबळी झाली नाही. सरहद्दीवरील जनता सन्मानाने नांदत असेल, तरच सरहद्द भक्कम राहते.

मग विरोधाचे मूळ कशात आहे? ते जमिनीत शोधले पाहिजे. चांगथांगच्या पांग परिसरात १३ हजार मेगावॉट क्षमतेचा सौर व पवनऊर्जा प्रकल्प योजिला आहे. त्याची वीज हरियाणातील कैथलपर्यंत वाहून नेण्याच्या २० हजार कोटींहून अधिक खर्चाच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. याच भागातील कुरणांवर चांगपा मेंढपाळ पश्मिना शेळ्या चारतात. आमचा सौरऊर्जेला विरोध नाही. परंतु कोणते कुरण सोडावयाचे, मोबदला काय घ्यावयाचा आणि रोजगार कोणाला मिळावयाचा, याचा निर्णय मेंढपाळांना वगळून होणार असेल, तर त्याला विकास हे नाव शोभणार नाही. ९७ टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी असल्याने लडाखला सहावी अनुसूची लागू करावी, अशी शिफारस राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने सप्टेंबर २०१९ मध्येच केली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

राज्यपद हा रामबाण उपाय आहे, असा भ्रम मात्र कोणी बाळगू नये. लहान विधानसभा फोडणे सोपे असते. २०१६ साली अरुणाचलात सत्ताधारी पक्षाच्या ४४ पैकी ४३ आमदारांनी एका झटक्यात पक्ष बदलला. मूठभर ठेकेदार आणि पुढारी यांच्या हाती नवे राज्य जाऊ नये, यासाठीच राज्यपदाला सहाव्या अनुसूचीची जोड हवी. मेघालय आणि मिझोराममध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत आहेत. एकेकाळी लेह आणि कारगिल यांच्या वाटा वेगळ्या होत्या. राज्यपद, सहावी अनुसूची, लोकसेवा आयोग आणि दोन्ही जिल्ह्यांना स्वतंत्र खासदार या मागण्यांवर आता बौद्ध आणि मुस्लिम जनता एकत्र आली आहे. धर्माच्या नावाने माणसे तोडण्याच्या या काळात ही एकजूट मोलाची आहे.

मराठी वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याच्या जनतेपुढे महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश, एवढे दोनच पर्याय ठेवले होते. राज्यपद मिळण्यास ३० मे १९८७ उजाडावे लागले. वीस वर्षांचा तो विलंब लडाखच्या वाट्याला येऊ नये. पक्षसभासद जेथे असतील तेथे, कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या सभांतून, त्यांनी हा प्रश्न समजावून सांगितला पाहिजे. माणसे थोडी असली म्हणून त्यांचे हक्क थोडे होत नाहीत.