नवा फोन मागण्याआधी ग्राफिक्स कमी करून पाहा

‘या फोनवर गेम नीट चालतच नाही, नवा घेऊया ना!’ हे वाक्य तुमच्या घरात कोणीतरी म्हटलं असेलच. कदाचित तुम्हीच! पण पैसे घालवण्याआधी एक काम करा. गेमच्या सेटिंगमध्ये जा आणि ग्राफिक्स कमी करा.

बीजीएमआयचंच घ्या. त्यात ग्राफिक्स आणि फ्रेम रेट हे दोन वेगळे पर्याय आहेत. ग्राफिक्स म्हणजे चित्र किती बारकाईनं काढायचं आणि फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची. सेकंदाला ३० चित्रं असली तर प्रत्येक चित्र साधारण ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहतं. ६० असली तर जेमतेम १७. फोनची ताकद तेवढीच असते. ती झाडांच्या सावल्या रंगवण्यात खर्च झाली की चित्रं कमी पडतात आणि तुमचं बोट फिरल्यावर नेम उशिरा सरकतो. शिवाय फोन तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. सुरुवातीला झकास चालणारा गेम थोड्या वेळानं अडखळतो, तो अनेकदा यामुळेच.

आणि हा फक्त स्वस्त फोनवाल्यांचा जुगाड नाही बरं का. काउंटर-स्ट्राइकचे कितीतरी व्यावसायिक खेळाडू महागड्या कम्प्युटरवरही मुद्दाम कमी रिझोल्यूशन ठेवून खेळतात.

गवताची गंमत तर ऐकाच. पबजीसारख्या गेममध्ये गवत ठरावीक अंतरापर्यंतच काढलं जातं. तुम्ही गवतात आडवे पडून ‘आपण लपलो’ म्हणून खूश असता. लांबून दुर्बिणीतून बघणाऱ्याला मात्र तुम्ही मोकळ्या जमिनीवर पडलेले दिसता! म्हणजे जवळच्या सुंदर गवतानं तुमचीच नजर अडवली, लपवलं काहीच नाही.

खरी अडचण इथेच आहे. चित्रात जितकं जास्त भरावं, तितकं कामाचं शोधणं कठीण होतं. २००७ च्या ‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये यावर छान उपाय केला होता. त्यातली नऊ पात्रं नुसत्या बाह्याकृतीवरून, म्हणजे सावलीवरूनही ओळखू येतात. समोरून कोण येतंय, हे चेहरा न बघता कळतं. याउलट २०२३ चा नवा ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ पाहा. सगळं इतकं हुबेहूब, की कुठली पेटी फोडायची हे दाखवायला तिच्यावर पिवळा रंग फासावा लागला. त्यावरून खूप थट्टा झाली. मला मात्र तो रंग उपयोगीच वाटतो. काहीही फुटत नसलेल्या सुंदर खोलीत दहा मिनिटं भिंती चाचपत कोण बसणार?

बारकावे नेहमीच आड येतात असंही नाही. २०२० च्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’मध्ये कुठे जायचं ते वारा सांगतो, गवत, पानं त्या दिशेला झुकतात. तिथे गवत काढून टाकलं तर वाटच हरवेल.

तर आज एवढं करा: ग्राफिक्स ‘स्मूथ’वर ठेवा, फ्रेम रेट फोन देईल तेवढा वाढवा आणि अर्धा तास खेळा. फोन फार तापला तर फ्रेम रेट एक पायरी खाली आणा. एवढं करूनही गेम अडखळत असेल, तर नव्या फोनचा विषय घरात काढायला हरकत नाही.