वाटणीचा वाद दाव्याआधीच मध्यस्थाकडे जावा



वडील गेल्यावर आम्हा चार भावंडांत वाटणीचा दावा लागला आणि तो नऊ वर्षं चालला. सातारा जिल्ह्यातली साडेचार एकर जमीन, एक विहीर आणि जुनं घर, एवढाच काय तो ऐवज. चौथ्या वर्षी आई गेली. तिच्या दहाव्याला भाऊ आम्हा बहिणींशी एक शब्द बोलले नाहीत, कारण पुढच्या आठवड्यात तारीख होती आणि वकिलांनी बोलू नका म्हणून बजावलं होतं. म्हणून हे पत्र.

आमचं प्रकरण नवव्या वर्षी न्यायालयाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली मध्यस्थीला पाठवलं. हे कलम 2002 पासून लागू आहे. भाऊबंदांतल्या वाटणीचे वाद मध्यस्थीला योग्य असतात, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2010 च्या ॲफकॉन्स निकालात म्हटलं आहे. मग आम्हाला नऊ वर्षं का लागली? कारण दावा दाखल झाल्यावर मध्यस्थी आठवते, आणि तोवर माणसं कागदावर एकमेकांना नको ते बोलून बसलेली असतात. भावांच्या कैफियतीत होतं की मुलींनी लग्नात पुरेसं घेतलं आहे, आता केवळ लोभापायी आल्या आहेत. ते वाक्य दादाचं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

मध्यस्थ बाईंनी आधी आम्हा प्रत्येकाला वेगळं बसवून ऐकलं. तिथे बोललेलं न्यायालयात वापरता येत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. मग सगळ्यांसमोर थोरल्या भावाला विचारलं, “दादा, तुमच्याच्याने यातलं काय सुटत नाही?” तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, “विहीर. दहावी सोडून आबांबरोबर सुरुंग लावलेत मी तिथं.” नऊ वर्षांच्या कागदांत ही गोष्ट कुठेच नव्हती. तीन बैठकांत मिटलं. विहीर आणि तिच्याभोवतीचं रान दादाकडे, पाण्याची पाळी धाकट्यालाही. बहिणीने माळाची जमीन घेतली. मी माझ्या हिश्श्याचे पैसे घेतले, तेही तीन हंगामांत, उसाचं बिल जमा होईल तसे. न्यायालयाचा प्राथमिक हुकूमनामा हिस्से ठरवतो. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप पुढे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, मोजणी होऊन होतं. त्या वाटेने उसाच्या बिलाचा विचार कोण करणार होतं?

मध्यस्थी म्हणजे बाईला समजावून गप्प बसवणं, असा आक्षेप मी अनेक बायकांकडून ऐकते. तो खोटा नाही. गावात चार जाणती माणसं जमतात आणि बहिणीला म्हणतात, भावाचं मन मोडू नकोस, हक्कसोडपत्रावर सही कर, माहेर शाबूत राहील. याला मध्यस्थी म्हणायला मी तयार नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने दिला, आणि त्या वेळी वडील हयात नसले तरी तो मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. हा हक्क टेबलावर मान्य असेल तरच बोलणी सुरू व्हावीत. मध्यस्थाने निवाडा द्यायचा नसतो, दबाव तर नाहीच. जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे बाईला भावासमोर बसवूच नये.

माझी मागणी साधी आहे. भांडणाची पहिली चाहूल न्यायालयाला लागत नाही, तलाठ्याला लागते. वारस नोंदीवर कोणी हरकत घेतली की ती विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-अ मध्ये जाते. त्याच दिवशी सर्व वारसांना तालुका विधी सेवा समितीचा पत्ता आणि मध्यस्थीची तारीख लेखी द्यावी. दावा लागण्यापूर्वीही तिथे अर्ज करता येतो, स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी सहाय्य मिळतं, आणि तडजोड लोकअदालतीपुढे नोंदवली की तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक ठरतो. ही सोय 1987 च्या कायद्यात आहे. आमच्या गावात ती कोणालाच ठाऊक नव्हती, आम्हालाही नाही.

आणि प्रशिक्षित मध्यस्थ तालुक्याला बाजाराच्या दिवशी बसवावेत. त्या दिवशी भावंडं तशीही तिथे आलेली असतात.

— एक वाचक भगिनी, जि. सातारा