हिरवे झाड निरोगी असेलच असे नाही



लकडगंजात आरामशीनवर काम करणारे एक बंधू परवा भेटले. काटोलकडे त्यांच्या वडिलांचा लहानसा संत्र्याचा बगीचा आहे. त्यातली झाडे एकेक करून वाळत चालली. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी लिंबू-मिरची बांधायला सांगितले. त्यावर त्यांचा विश्वास नाही. पण शेजारच्या हिरव्यागार झाडाचे डोळे आणून घरीच नवी कलमे बांधायचे त्यांनी ठरवले होते. मी म्हटले, भाऊ, थोडे थांबा. आधी कारण शोधा. आपला धम्म तेच शिकवतो.

संत्रा वाळण्याची कारणे अनेक आहेत. डिंक्या आणि मूळकूज बुरशीमुळे होते, ग्रीनिंग जिवाणूमुळे. ट्रिस्टेझा मात्र विषाणूचा रोग. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ दुःख. १९३० नंतरच्या काळात ब्राझील व अर्जेंटिनात या रोगाने लाखो झाडे मेली.

लाकूड कापणाऱ्याला साल आणि गाभा समजावून सांगावा लागत नाही. मुळांनी ओढलेले पाणी लाकडातून वर चढते. पानांनी केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. हा विषाणू त्या अन्नाच्या वाटेतच राहतो. मावा रोगट झाडाचा कोवळा शेंडा शोषतो आणि मग दुसऱ्या झाडावर बसून तिथे विषाणू सोडतो. पुढे जिकडे अन्नरस जातो तिकडे विषाणू जातो, म्हणजे मुळांकडे आणि नव्या फुटीकडे. तो सगळीकडे सारखा पसरत नाही. एका फांदीत सापडतो, दुसरीत सापडत नाही. खुंट नाजूक असेल तर अन्नाच्या नळ्या मरतात, मुळे उपाशी राहतात आणि झाड खचते. आपल्याकडचा जंबेरी खुंट बराच सोसतो. त्यामुळे झाड वर्षानुवर्षे हिरवे दिसते, पण विषाणू आत असू शकतो.

ऋतूचाही फरक पडतो. थंड हवेत, नव्या फुटीत विषाणू अधिक सापडतो, कडक उन्हाळ्यात कमी. कमी झाला म्हणजे गेला असे नव्हे. म्हणून भर उन्हाळ्यात एकाच फांदीची पाने तपासून झाड निर्दोष ठरवू नये.

झाडात शिरलेला विषाणू फवारणीने निघत नाही. तो बियांतून येत नाही, डोळ्यातून मात्र येतो. एका रोगट झाडाचे डोळे घेतले तर सारा बगीचा रोगट होऊ शकतो.

यावर उपाय आपल्या नागपुरातच आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्थेत शेंड्याचे अगदी बारीक टोक कापून प्रयोगशाळेत लहान रोपावर बसवतात. तिथवर अन्नाच्या नळ्या पोचलेल्या नसतात, म्हणून विषाणूही बहुधा नसतो. मग तपासणी करून त्यापासून रोगमुक्त कलमे तयार करतात.

संत्रा फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात. मजुरीतून वाचवलेला पैसा आणि इतकी वर्षे चुकीच्या कलमावर घालवणे गरिबाला परवडत नाही. कलम घेताना डोळा कोणत्या झाडाचा आणि ते झाड तपासलेले आहे काय, हे विचारा. कागद मागायला लाजू नका.

त्या बंधूंनी डोळे आणण्याचा बेत सोडला आहे. बारावीत विज्ञान शिकणाऱ्या मुलीला सोबत घेऊन ते संस्थेत चौकशीला जाणार आहेत.